पेपर पाठवण्याआधी जर्नल तपासायचं कसं

संशोधनाचे पेपर छापणारं जर्नल खरं की खोटं हे बघायला बहुतेक जण त्या जर्नलचीच वेबसाइट उघडतात. तिथे इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांचे इतर पेपरांत सरासरी किती उल्लेख होतात तो आकडा) असतो, इंडेक्सिंगच्या, म्हणजे निवडक जर्नलांच्या सूच्यांच्या, लोगोंची माळ असते, संपादक मंडळात वजनदार नावं असतात, 'डबल ब्लाइंड पीअर रिव्ह्यू'ची (लेखक आणि तपासणारे तज्ज्ञ, दोघांनाही एकमेकांची नावं न कळता होणारी तपासणी) पाटीही असते. असणारच, साइट त्यांची आहे. म्हणून पहिला नियम असा की जर्नल स्वतःबद्दल जे सांगतं ते अशा जागी जाऊन पडताळायचं, जिथे त्या जर्नलला काही लिहिता किंवा खोडता येत नाही. पुढची सगळी तपासणी या एका नियमावर चालते. एका जर्नलला साधारण तासभर लागतो आणि जवळपास सगळं फुकटात होतं.

सुरुवातीला एका कागदावर चार गोष्टी उतरवून घ्या: जर्नलचं पूर्ण नाव (अक्षरशः जसं आहे तसं, 'ऑफ' आणि 'अँड'सकट), छापील आणि ऑनलाइन असे दोन्ही आयएसएसएन, प्रकाशकाचं नाव आणि साइटचा पत्ता. पत्ता ईमेलमधल्या लिंकवरून घेऊ नका. निमंत्रणाच्या मेलमधली लिंक हीच पुष्कळदा गडबडीची सुरुवात असते. नावात एका शब्दाचा फरक असला तरी जर्नल वेगळं असतं. नामांकित जर्नलच्या नावात 'इंटरनॅशनल' किंवा 'ॲडव्हान्स्ड' घुसवून नवं दुकान उघडणं हा जुनाच धंदा आहे.

आयएसएसएन: आठ आकडे आणि एक छोटं गणित

आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक. तो मिळाला म्हणून दर्जा सिद्ध होत नाही. क्रमांक देताना कोणीही मजकूर तपासत नाही. तरी तो तपासायचा, कारण खोटेपणा इथे लवकर सापडतो.

आठवा आकडा हा आधीच्या सातांवरून काढलेला पडताळणीचा आकडा असतो. ०३७८-५९५५ हा 'हिअरिंग रिसर्च' या जर्नलचा क्रमांक घ्या. पहिल्या सात आकड्यांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं: ०, २१, ४२, ४०, २०, २७, १०. बेरीज १६०. तिला ११ ने भागलं की बाकी ६ उरते. ११ मधून ६ वजा केले की ५, आणि शेवटचा आकडा ५ च आहे. बाकी ० आली तर शेवटचा आकडा ० असतो, बाकी १ आली तर आकड्याऐवजी एक्स हे अक्षर येतं. मनाने ठोकून दिलेला क्रमांक या गणितात सहसा टिकत नाही.

गणित जुळलं की आयएसएसएन पोर्टलवर तो क्रमांक टाका. हे पोर्टल पॅरिसमधलं आंतरराष्ट्रीय आयएसएसएन केंद्र चालवतं. नोंदीत नाव आणि देश दिसतो, पुष्कळदा साइटचा पत्ताही. जे दिसतं ते कागदावरच्या नोंदीशी आणि साइटवरच्या दाव्यांशी जुळवा. नाव जुळलं पण साइटचा पत्ता वेगळा निघाला, तर पुढचं सगळं थांबवून थेट खालच्या क्लोन जर्नलच्या, म्हणजे नक्कल साइटच्या, भागाकडे जा. प्रकाशक बदलला असेल तर पोर्टलवरची नोंद मागे राहू शकते, हे लक्षात असू द्या. त्यामुळे नुसत्या फरकावरून निकाल देऊ नका. तो फरक का पडला, हे शोधा.

डीओआय खरंच उघडतो का

डीओआय म्हणजे एकेका पेपरचा कायमचा ओळख क्रमांक. जर्नलच्या दोन वेगवेगळ्या अंकांतले पाच पेपर निवडा. त्यांचे डीओआय कॉपी करून डीओआय डॉट ऑर्गवरच्या चौकटीत टाका. पेपरवरच्या लिंकवर टिचकी मारू नका, कारण ती लिंक डीओआयसारखी दिसत असली तरी जर्नलच्याच साइटवर फिरवलेली असू शकते. चौकटीत टाकल्यावर पाचपैकी पाच उघडले पाहिजेत आणि त्याच पेपरवर गेले पाहिजेत. कालच प्रसिद्ध झालेला पेपर उघडला नाही तर एखाद दिवस थांबा, नोंदणीला कधी वेळ लागतो. वर्षभरापूर्वीचा उघडत नसेल तर सबब चालत नाही.

यानंतर क्रॉसरेफ या डीओआय नोंदणाऱ्या संस्थेच्या शोधपानावर जर्नलचं नाव टाका. विद्वत्-प्रकाशनातले बहुतेक डीओआय क्रॉसरेफकडे नोंदले जातात आणि तिथे प्रकाशक म्हणून कोणाचं नाव आहे ते दिसतं. डीओआयचा १०. ने सुरू होणारा पूर्वभाग ज्याने तो मूळ नोंदला त्याचा असतो. जर्नल दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं तरी जुन्या पेपरांचे डीओआय तेच राहतात, त्यामुळे पूर्वभाग वेगळा दिसला म्हणून दचकू नका.

एका पूर्वभागाकडे मात्र बारकाईने बघा: १०.५२८१. हा झेनोडोचा आहे. झेनोडो ही चांगली, मोफत साठवणुकीची जागा आहे. संशोधक तिथे डेटा, सॉफ्टवेअर, अहवाल ठेवतात आणि कोणालाही डीओआय मिळतो. पण जर्नलच आपले पेपर तिथे नेऊन टाकत असेल आणि 'आम्ही डीओआय देतो' म्हणून त्याचे पैसे आकारत असेल, तर तुम्ही स्वतः पाच मिनिटांत फुकट केलं असतं त्याच कामाचे ते पैसे आहेत.

इंडेक्सिंगचे लोगो सोडा, यादीत जा

स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या जर्नलं निवडून घेणाऱ्या दोन मोठ्या सूच्या. स्कोपसची स्रोतसूची मोफत बघता येते. तिथे नावाने नाही, आयएसएसएनने शोधा. जर्नल सापडलं की 'किती सालापासून किती सालापर्यंत' हे वाचा. इथेच पुष्कळ लोक फसतात. यादीत नाव दिसलं की हुश्श करतात आणि शेवटचं साल तीन वर्षांपूर्वीचं आहे हे बघतच नाहीत. बंद केलेल्या जर्नलांची वेगळी यादीही स्कोपस देतं. तीही डाउनलोड करून त्यात शोध घ्या. वेब ऑफ सायन्ससाठी ती चालवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीची मास्टर जर्नल लिस्ट आहे, मोफत खातं काढून वापरता येते. तिथे जर्नल कोणत्या सूचीत आहे तेही लिहिलेलं असतं. तुमच्या संस्थेला नेमकी कोणती सूची चालते हे आधी विचारून घ्या. 'वेब ऑफ सायन्समध्ये आहे' एवढ्याने भागत नाही.

वैद्यकीय विषयात पबमेडचा गोंधळ फार आहे. पबमेड हे शोधाचं पान, मेडलाइन ही निवडलेल्या जर्नलांची सूची आणि पबमेड सेंट्रल हे पूर्ण पेपरांचं भांडार. पबमेडमध्ये एखादा पेपर सापडला म्हणजे जर्नल मेडलाइनमध्ये आहे असं होत नाही. निधी देणाऱ्या संस्थेच्या नियमामुळे लेखकाने आपली प्रत पबमेड सेंट्रलमध्ये जमा केली असेल, तरी तो पेपर पबमेडच्या शोधात येतो. जर्नलचा दावा खरा आहे का हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये बघा. सध्या मेडलाइनमध्ये घेतलं जातं की नाही, याची तिथे स्पष्ट नोंद असते. गूगल स्कॉलर ही निवडून केलेली सूची नाहीच. तिथे जे सापडेल ते घेतलं जातं. 'इंडेक्स्ड इन गूगल स्कॉलर' असं अभिमानाने लिहिणारं जर्नल दुसरं काही लिहिण्यासारखं नसल्याचंच सांगत असतं.

ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकाला फुकट वाचता येणारं, जर्नल असेल तर डीओएजे ही अशा जर्नलांची निर्देशिका बघा. ती २००३ साली लुंड विद्यापीठात सुरू झाली. २०१४ मध्ये तिचे निकष कडक झाले आणि जुन्या सगळ्या जर्नलांना नव्याने अर्ज करावा लागला. अर्ज न करणारी तीन हजारांहून अधिक जर्नलं २०१६ मध्ये काढून टाकली गेली. त्यामुळे 'पूर्वी डीओएजेमध्ये होतो' याला अर्थ नाही. आज आहे का एवढंच बघा. कोणती जर्नलं आत आली आणि कोणती बाहेर गेली, याची यादीही डीओएजे उघडपणे ठेवतं, कारणासकट.

इम्पॅक्ट फॅक्टरबद्दल दोन गोष्टी पक्क्या ठेवा. एक, तो कसा निघतो: २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेले उल्लेख, भागिले त्या दोन वर्षांतल्या गणनेयोग्य पेपरांची संख्या. म्हणजे याच वर्षी सुरू झालेल्या जर्नलला चालू वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर असूच शकत नाही. दोन, २०२३ सालच्या प्रसिद्धीपासून क्लॅरिव्हेट तो दशांशानंतर एकाच आकड्यापर्यंत दाखवतं. पूर्वी तीन आकडे असायचे. तेव्हा ताज्या वर्षाचा म्हणून '५.७८३' असा आकडा मिरवला जात असेल, तर तो कुठून आला हे विचारा. 'ग्लोबल', 'युनिव्हर्सल', 'सायंटिफिक' अशी विशेषणं लावून नाममात्र शुल्कात आकडा वाटणाऱ्या कंपन्या आहेत. नाव जवळपास तेच, आकडा मात्र विकतचा.

इंडेक्स कायमचा नसतो. मार्च २०२३ मध्ये क्लॅरिव्हेटने एकाच झटक्यात हिंदावी या प्रकाशकाची १९ जर्नलं आणि एमडीपीआय या दुसऱ्या प्रकाशकाचं, तोवर भरपूर पेपर छापणारं, पर्यावरण-आरोग्याचं मोठं जर्नल वेब ऑफ सायन्समधून काढलं. पेपर पाठवल्यापासून छापून येईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात आणि तेवढ्यात यादी बदलू शकते. पाठवताना, स्वीकृती येताना आणि छापून आल्यावर अशा तीन वेळा यादीच्या पानाची तारखेसह पीडीएफ काढून ठेवा. पुढे मूल्यमापनात कोणी हरकत घेतली तर हाच पुरावा.

क्लोन जर्नल: नाव खरं, साइट खोटी

हा प्रकार सगळ्यात घातक, कारण वरच्या बऱ्याच कसोट्या तो पार करतो. जर्नल खरं असतं, आयएसएसएन खरा असतो, इंडेक्समध्ये नाव असतं. खोटी असते ती फक्त साइट. तुम्ही पेपर आणि पैसे भलत्याच माणसाकडे पाठवता.

हे दोन-तीन वाटांनी होतं. लहान जर्नल, एखाद्या संस्थेने चालवलेलं, डोमेनचं वार्षिक शुल्क भरायला विसरतं. कोणीतरी ते डोमेन उचलतं आणि जुन्याच पत्त्यावर नवं दुकान थाटतं. दुसरी वाट म्हणजे फक्त छापील निघणारं, साइट नसलेलं जर्नल शोधायचं आणि त्याच्या नावाने साइट काढायची. तिसरी म्हणजे खऱ्या साइटची हुबेहूब नक्कल मिळत्याजुळत्या पत्त्यावर उभी करायची. वरताण म्हणजे या टोळ्यांनी स्कोपसच्या नोंदींमध्येही आपले पेपर आणि लिंका घुसवल्या. ते उघड झाल्यावर २०२३ च्या शेवटी स्कोपसने स्रोतपानांवरच्या जर्नलांच्या साइटच्या लिंकाच काढून टाकल्या. तेव्हा इंडेक्समधल्या लिंकवरून साइट गाठली म्हणजे निर्धास्त, हा जुना सल्ला आता बाद समजा.

तपासायचं असं. मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या साइटची 'हायजॅक्ड जर्नल चेकर' ही नक्कल झालेल्या जर्नलांची यादी २०२२ पासून आहे, संशोधक ॲना अबालकिना यांच्या कामावर उभी राहिलेली. तिच्यात नाव आणि पत्ता दोन्ही शोधा. नाव सापडलं म्हणजे जर्नल वाईट असं नाही. त्या नावाची नक्कल बाजारात आहे एवढाच त्याचा अर्थ, म्हणून पत्त्याचं एकेक अक्षर जुळवा.

यादीत नसेल तरी काम संपत नाही, कारण नवी नक्कल यादीत यायला वेळ लागतो. डोमेन कधी नोंदलं ते हूइज शोधात, म्हणजे डोमेनच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या सेवेत, बघा. जर्नल '१९९४ पासून' म्हणतंय आणि डोमेन सात महिन्यांपूर्वीचं आहे, तर मधली वर्षं ते कुठे होतं? मग तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये (साइटची जुनी पानं जपून ठेवणारं संग्रहालय) टाका आणि वर्षावर्षाची पानं उघडून बघा. डोमेन उचललेलं असेल तर चित्र बोलकं असतं: काही वर्षं एका विद्यापीठाच्या विभागाचं साधं पान, मग काही महिने 'हे डोमेन विक्रीस आहे', आणि अचानक चकचकीत साइट, 'आजच पेपर पाठवा, सात दिवसांत प्रकाशन'.

जुने अंकही उघडा, नुसती यादी बघून परत फिरू नका. नक्कल साइटवर जुने अंक नसतात, किंवा दिसतात पण पीडीएफ उघडत नाही, किंवा दुसरीकडून उचलून आणलेल्या पेपरांवर नुसतं शीर्षक बदललेलं असतं. एका अंकातले पेपर मोजा. वर्षाला चार अंक आणि अंकात आठ-दहा पेपर अशी वर्षानुवर्षांची चाल असलेलं भाषाशास्त्राचं जर्नल यंदा एका अंकात दोनशे पेपर काढतंय आणि त्यात काँक्रीटची ताकद, मधुमेह आणि शेअर बाजार शेजारी शेजारी बसलेत, तर आणखी पुरावा शोधायची गरज नाही.

शेवटची खूण वरून खाली यायची. जर्नलच्या साइटवरून प्रकाशकाकडे जाऊ नका. प्रकाशकाची किंवा संस्थेची साइट स्वतंत्रपणे शोधा आणि तिथून जर्नलच्या पानावर या. दोन्ही पत्ते एकच निघाले तर ठीक.

छापलेले पेपर काय सांगतात

आता साइट खरी आहे हे कळलं. जर्नल कसं चालतं हे बघायचं तर अलीकडचे दहा पेपर उघडा. प्रत्येकावरच्या तीन तारखा टिपून घ्या: मिळाल्याची, सुधारून आल्याची, स्वीकारल्याची. मधले दिवस मोजा. विषयागणिक वेग वेगळा असतो, पण दोन-तीन रिव्ह्यूअर शोधायचे, त्यांनी वाचायचं, लेखकाने उत्तर द्यायचं, याला आठवडे लागतात, पुष्कळदा महिने. '३ मार्चला मिळाला, ६ मार्चला स्वीकारला' हे एखाद्या टिपणाबाबत शक्य आहे. दहाच्या दहा पेपर चार ते सात दिवसांत पास झाले असतील आणि सुधारून आल्याची तारीख एकावरही नसेल, तर रिव्ह्यू झालेलाच नाही. तारखाच छापत नसतील तर तेही नोंदवा.

मग त्यातले दोन पेपर नीट वाचा, विशेषतः पद्धतीचा भाग. कसलेल्या रिव्ह्यूअरच्या नजरेतून सुटणार नाहीत अशा चुका तिथे आहेत का? शब्दांकडेही लक्ष द्या. चोरलेला मजकूर पकडला जाऊ नये म्हणून यंत्राकडून शब्द बदलून घेतात, आणि मग 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' होतं. संशोधक गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा शब्दांना 'टॉर्चर्ड फ्रेझेस', म्हणजे छळून वाकवलेले शब्दप्रयोग, असं नाव दिलं. असा एक जरी छापून गेला असेल तर संपादकाने पेपर वाचलेला नाही.

साइटचं इंग्रजी मोडकं आहे किंवा रचना जुनाट आहे, यावरून मात्र निकाल देऊ नका. पुष्कळ प्रामाणिक जर्नलं दोन-तीन प्राध्यापक फावल्या वेळात चालवतात आणि त्यांची साइट तशीच दिसते. ठकांची साइट उलट गुळगुळीत असते.

विशेषांकांसाठी वेगळी सावधगिरी लागते. विशेषांकाला पाहुणा संपादक असतो आणि नेहमीच्या संपादकाची नजर तिथे कमी पडते. पेपर मिल, म्हणजे पैसे घेऊन तयार पेपर आणि लेखकपद विकणाऱ्या टोळ्या, याच फटीतून आत शिरल्या. वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये हिंदावी विकत घेतली आणि २०२३ या एका वर्षात तिचे ८ हजारांहून अधिक पेपर मागे घ्यावे लागले, मुख्यतः विशेषांकांतले. पुढे ते नावच बंद करण्यात आलं. तुम्हाला विशेषांकाचं निमंत्रण आलं असेल तर बघा: पाहुण्या संपादकाचं काम खरोखर त्या विषयात आहे का, त्याच वेळी जर्नलने किती विशेषांक उघडलेत, आणि अंकात संपादकांचेच पेपर किती आहेत. डीओएजेचा निकष इथे मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो: पाहुण्या संपादकांचे पेपर विशेषांकाच्या २५ टक्क्यांहून जास्त नकोत.

जर्नलने काही पेपर मागे घेतले असतील तर तो डाग समजू नका. चूक कळल्यावर कारणासह जाहीरपणे मागे घेणारं जर्नल हे वीस वर्षांत एकही न घेणाऱ्यापेक्षा बरं. रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेतला आणि सगळ्यांना खुला केला. त्यात जर्नलचं नाव टाकून सूचना वाचा. कारण लिहिलंय की नुसतं 'मागे घेतला आहे', यावरून कारभार कळतो.

माणसांना विचारा

संपादक मंडळातली तीन नावं निवडा, एक पहिल्यांमधलं, दोन मधली. त्यांच्या संस्थेच्या पानावर किंवा ऑर्किड या संशोधकांच्या ओळखपत्रासारख्या नोंदीत हे संपादकपद आहे का बघा. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापून आला होता. पोलंडच्या संशोधकांनी ॲना ओ. शुस्ट नावाची काल्पनिक बाई उभी केली (पोलिश भाषेत 'ओशुस्ट' म्हणजे ठक). संपादक होण्यासाठी तिचा अर्ज ३६० जर्नलांना पाठवला. अनुभव शून्य, पात्रता शून्य. ४८ जर्नलांनी तिला संपादक केलं. उलटही होतं: खऱ्या प्राध्यापकाचं नाव त्याला न विचारता मंडळात टाकतात, आणि काढा म्हटलं तरी काढत नाहीत.

म्हणून तिघांपैकी दोघांना मेल करा. लांबण नको. आपली ओळख एका ओळीत, आणि मग: 'या जर्नलच्या मंडळात आपलं नाव दिसतं. आपण खरोखर तिथे काम पाहता का? गेल्या वर्षभरात एखादा पेपर आपल्याकडे आला होता का?' एवढंच. आठवडाभरात एकाचं तरी उत्तर येतं. 'मला माहीतच नाही' असं आलं की विषय मिटला.

मंडळ नुकतंच बदललंय का हेही विचारा. चांगल्या जर्नलांतही संपादक प्रकाशकाशी बिनसून एकगठ्ठा बाहेर पडतात. २०१५ मध्ये 'लिंग्वा'च्या संपादकांनी राजीनामे देऊन 'ग्लोसा' सुरू केलं. २०२३ मध्ये 'न्यूरोइमेज'चे चाळीसहून अधिक संपादक प्रकाशन शुल्क अवाजवी आहे म्हणून बाहेर पडले आणि 'इमेजिंग न्यूरोसायन्स' निघालं. जुनं नाव, जुना इम्पॅक्ट फॅक्टर मागे राहतो, पण ज्यांच्या विश्वासावर तो कमावला ती माणसं तिथे नसतात. अशा सामूहिक राजीनाम्यांची यादी रिट्रॅक्शन वॉच ठेवतं. पेपर कुठे पाठवायचा हा निर्णय तुमचा, पण माहीत असून घ्या.

याद्यांबद्दल एक सांगायला हवं. ग्रंथपाल जेफ्री बील यांची भक्षक, म्हणजे तपासणी न करता पैसे घेऊन छापणाऱ्या, प्रकाशकांची यादी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. नंतर तिच्या प्रती इतरांनी चालवल्या. त्यात नाव दिसलं तर सावध व्हा, पण नाही दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. नावं बदलून नवी जर्नलं रोज निघतात.

पैसे: पाठवण्याआधी विचारायचे प्रश्न

पेपर पाठवण्याआधी लेखी विचारा: एकूण शुल्क किती, करासकट? पानामागे किंवा रंगीत आकृतीमागे वेगळे पैसे आहेत का? पैसे कधी भरायचे? पेपर मागे घेतला तर काही आकारता का? चांगल्या जर्नलांत शुल्क सहसा स्वीकृतीनंतर लागतं आणि रक्कम साइटवर लिहिलेली असते. पेपर दाखल करतानाच थोडं शुल्क घेणारी प्रतिष्ठित जर्नलं काही विषयांत आहेत, अर्थशास्त्रात विशेषतः. तेवढ्यावरून संशय नको. पण मागे घेण्याचं शुल्क दिसलं की तिथे पाऊलही टाकू नका. ते कलम तुम्हाला अडकवण्यासाठीच असतं. शुल्क दडवणं, रिव्ह्यूचा खोटा दावा करणं आणि पेपर परत घेऊ न देणं अशा आरोपांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ओमिक्स या प्रकाशन समूहावर खटला भरला होता. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यात ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरायचा आदेश दिला.

बिलावरचं नाव आणि प्रकाशकाचं नाव एक आहे का बघा. खातं एखाद्या व्यक्तीच्या नावावर असेल तर पैसे भरू नका.

पैसे भरण्याआधी तीन वाटा धुंडाळा. तुमच्या ग्रंथालयाचा त्या प्रकाशकाशी करार असेल तर शुल्क आधीच भरलेलं असू शकतं. ग्रंथपालाला विचारा, लेखकांना हे क्वचितच माहीत असतं. दुसरं, सवलत किंवा माफी बहुतेक ठिकाणी पेपर दाखल करताना मागावी लागते. स्वीकृतीनंतर मागितली तर ऐकत नाहीत. तिसरं, जर्नल हायब्रिड असेल, म्हणजे वर्गणीवर चालत असून पैसे भरणाऱ्याचा पेपर खुला करत असेल, तर ओपन ॲक्सेस न घेता फुकट छापून घेता येतं. मग स्वीकारलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत संस्थेच्या भांडारात ठेवता येते का, आणि किती महिन्यांनी, हे ओपन पॉलिसी फाइंडरवर बघा. पूर्वी ही सेवा शेर्पा रोमियो नावाने होती.

छापलेला पेपर इतरांनी कसा वापरायचा हे ठरवणाऱ्या परवान्याची चौकट घाईत टिचकी मारून पुढे ढकलू नका. सीसी बाय घेतला तर श्रेय देऊन कोणीही, व्यापारी कामासाठीही, वापरू शकतो. व्यापारी वापर आणि बदल दोन्ही नाकारणारा सीसी बाय-एनसी-एनडी जास्त सुरक्षित वाटतो, पण त्यासोबतचा करार वाचा. कॉपीराइट तुमच्या नावावर ठेवून व्यापारी हक्क मात्र एकट्या प्रकाशकाला देणारे करार सर्रास असतात.

पेपर अडकलाच तर

पाठवून झाल्यावर शंका आली तर सगळ्यात आधी दोन गोष्टी करू नका: पैसे भरू नका आणि कॉपीराइटच्या कागदावर सही करू नका. सही नसेल तर हक्क तुमच्याकडेच आहेत.

त्याच दिवशी मेल पाठवा. पेपरचा क्रमांक, शीर्षक, 'आम्ही हा पेपर मागे घेत आहोत, तो छापण्याची परवानगी देत नाही, कॉपीराइट हस्तांतरित केलेला नाही' एवढी तीन वाक्यं, आणि सगळे सहलेखक प्रतीत. कारण देत बसू नका, दिलं की वाद सुरू होतो. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच मेल पुन्हा, पहिल्याच्या तारखेचा उल्लेख करून. मागे घेण्याचे पैसे मागितले तर भरू नका. एकदा भरले की दुसरं बिल येतं. कायदेशीर कारवाईच्या धमकीचा मेल आला तर उत्तर न देता जपून ठेवा आणि संस्थेच्या कायदा विभागाला दाखवा. कार्डाने पैसे गेले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवा. त्याला मुदत असते, म्हणून त्याच आठवड्यात.

तरीही छापलाच, तर तो पेपर दुसरीकडे गुपचूप पाठवू नका. नवं जर्नल साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो काढणारच, आणि दुहेरी प्रकाशनाचा ठपका तुमच्यावर येईल. नव्या संपादकाला दाखल करण्याआधी मेल करा: काय झालं ते चार ओळींत, मागे घेण्याच्या मेलांच्या प्रती जोडून. काही संपादक नकार देतील, काही घेतील. घेणाऱ्याला पहिल्या पानावर तळटीप हवी असेल तर हरकत घेऊ नका.

पुढच्या वेळी दाखल करण्याआधी पेपर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे तपासणीआधीच एखाद्या खुल्या भांडारात, ठेवायचा विचार करा, अर्थात निवडलेल्या जर्नलला ते चालतं का बघून. तारखेसह नोंद झालेली असली की काम आधी कोणाचं हा वाद उरत नाही, आणि ठकांच्या हाती गेलेली प्रत ही नंतरची होती हे दाखवता येतं.